गाण्याला वही देणारे वकील

दिवाळीच्या आधी माळ्यावरची ट्रंक उतरवायची, त्यातलं काहीही टाकून न देता झटकून पुन्हा वर चढवायची, हा आमच्या घरचा दरवर्षीचा कार्यक्रम. तुमच्याकडेही असेलच. यंदा त्या ट्रंकेत सासूबाईंची एक वही सापडली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कडा कसरीनं खाल्लेल्या. मला वाटलं, दूधवाल्याचा हिशेब असेल. उघडली तर हिशेबच होता, पण सुरांचा. ओळीनं सा, रे, ग, म लिहिलेले. मध्ये उभ्या रेघा. काही अक्षरांखाली लाल पेन्सिलीनं आडवी रेघ, काहींच्या डोक्यावर टिंब, आणि सगळ्यांच्या खाली फुली, दोन, शून्य, तीन असे आकडे.

सासूबाई लग्नाआधी गाणं शिकत होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. माहेर इथलंच, फलटणचं, राममंदिराच्या मागच्या गल्लीतलं. साताऱ्याहून आठवड्यातून एकदा एक मास्तर यायचे. दोन वर्षं शिकवणी चालली, लग्न ठरलं आणि थांबली. सासरी पेटी नव्हती, ती कधी आलीही नाही. आम्ही चौदा वर्षं एका घरात राहिलो. मी त्यांच्या तोंडून आरतीपलीकडे काही ऐकलं नाही.

ती वही माझ्या लेकीनं उचलली. ती यंदा मध्यमाच्या परीक्षेला बसतेय. पेटी पुढ्यात ओढली, वहीतलं एक पान उघडलं, दोन-तीनदा अडखळली आणि मग सरळ म्हणायलाच लागली. मी कणीक मळत होते. हात पिठातच राहिले. ज्या बाईनं ही बंदिश उतरवून घेतली तिला जाऊन बारा वर्षं झाली, शिकवणारे मास्तर तर त्याच्याही कितीतरी आधी गेले असतील. आणि ते गाणं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं!

हे ज्यांच्यामुळे घडलं त्यांचं नाव गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ असतं, कारण त्यांच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. पंडित विष्णू नारायण भातखंडे. जन्म कुठे, मृत्यू कधी, ग्रंथ कोणते, एवढं लिहिलं की मार्क मिळतात. माणूस मात्र राहूनच जातो. म्हणून आज त्यांच्याविषयी.

मुंबईत वाळकेश्वरला 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, गाण्याची आवड असलेलं. पण आवड म्हणजे सणासुदीला भजन म्हणण्यापुरती. मुलानं शिकावं, वकील व्हावं हीच अपेक्षा. विष्णूनं ती पुरी केली. 1885 मध्ये बी.ए., 1887 मध्ये एलएल.बी. काही काळ कराचीला वकिली, मग मुंबईला. चारचौघांसारखंच म्हणायचं. पण कॉलेजात असल्यापासून हा मुलगा चोरून सतार शिकत होता. त्या काळी शिकल्यासवरल्या घरातल्या मुलानं सतार घेऊन बसणं म्हणजे बिघडण्याची पहिली पायरी समजत. हल्ली मोबाईल घेऊन बसलेल्या मुलांकडे आपण जसं बघतो ना, तसंच काहीसं.

मुंबईत तेव्हा गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. पारशी मंडळींनी 1870 मध्ये काढलेली. बाहेरगावचे गवय्ये मुंबईत आले की तिथे गात. भातखंडे 1884 मध्ये या संस्थेत आले आणि रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी शेकडो धृपदं घेतली, मग मुसलमान उस्तादांकडून ख्याल घेतले. दिवसा कोर्ट, रात्री गाणं.

इथेच त्यांना पहिला मोठा खडा लागला. एक बुवा एखादा राग एका तऱ्हेनं गायचे, दुसरे उस्ताद तोच राग निराळ्या तऱ्हेनं. यात एक सूर जास्त, त्यात एक कमी. विचारलं तर उत्तर एकच, आमच्या घराण्यात असंच आहे. का, ते कुणी सांगेना. वकिलाला असली साक्ष कशी चालेल? लेखी पुरावा कुठाय, हा त्यांचा प्रश्न. आणि लेखी काहीच नव्हतं. म्हणजे संस्कृतात जुने ग्रंथ होते, अगदी आपल्या देवगिरीच्या यादवांच्या काळात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ होता. पण त्यात लिहिलेले राग आणि आज गायले जाणारे राग यांचा मेळ बसत नव्हता. ग्रंथ वाचणाऱ्याला गाता येत नव्हतं, गाणाऱ्याला ग्रंथ वाचता येत नव्हता.

तेव्हा गाणं शिकणं म्हणजे काय होतं, हे जरा आपण आपल्या बाजूनं बघूया. उस्तादांच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, वर्षानुवर्षं सेवा करायची, आणि मर्जी बसली तर चार चिजा मिळायच्या. खास चिजा तर मुलालाच, फार तर जावयाला. घरंदाज मुलीनं असं कुणाच्या घरी जाऊन राहणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ज्या बायका गात होत्या, त्या कलावंतिणी. त्यांच्यापाशी अफाट विद्या होती, पण समाज त्यांच्याकडे कसा बघे ते निराळं सांगायला नको. विद्या होती ती सगळी माणसांच्या गळ्यात. माणूस गेला की ती विद्याही चितेवर नाहीतर कबरीत.

आपल्या फलटणकरांना कुलूपबंद विद्येची गोष्ट नवी नाही. महानुभावांची दक्षिण काशी म्हणून आपलं गाव ओळखलं जातं. त्या पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून शतकानुशतकं जपले, आणि ती सकळ लिपी बाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली. जपणाऱ्यांची काही कारणं असतातच. उस्तादांचीही होती. गाणं हेच त्यांचं शेत, हेच घर. ते असं वाटून टाकलं तर मुलांनी खायचं काय? हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे उस्तादांचा उगाच राग येणार नाही.

भातखंडे फिरायला लागले. आधी गुजरात, काठेवाड. वकिलीतून सवड मिळेल तसं.

मग 1900 मध्ये त्यांची पत्नी वारली. 1903 मध्ये मुलगी गेली. एकुलती एक.

परीक्षेच्या पुस्तकात या दोन ओळी नसतात, असल्या तर एका वाक्यात उरकतात. मला मात्र त्या ओलांडून पुढे जाता येत नाही. चाळिशीतला माणूस, तीन वर्षांत घर रिकामं. अशा वेळी घरचे दुसरं लग्न करून द्यायला टपलेले असत. त्या काळात ते सर्रास चाले. त्यांनी केलं नाही. 1904 मध्ये त्यांनी गाडी धरली ती थेट दक्षिणेची. मद्रास, तंजावर, मदुराई, रामेश्वरम्, त्रिवेंद्रम, म्हैसूर. 1907 मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, पुरी. नंतर अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर. जाईल तिथे पोथ्या बघायच्या, नकला करून घ्यायच्या, पंडितांना आणि गवयांना प्रश्नांची यादी घेऊन भेटायचं, आणि रात्री मुक्कामावर येऊन दिवसभराचं बोलणं वहीत उतरवायचं. दुःखावर त्यांनी काय औषध शोधलं याचा मी अंदाज करत बसणार नाही. पण रिकाम्या घरात राहण्यापेक्षा आगगाडीचा डबा बरा, असं वाटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दक्षिणेच्या त्या प्रवासात एट्टयपुरमला त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. कर्नाटक संगीताचे मोठे जाणकार. आणि त्यांच्या निमित्तानं भातखंड्यांना मिळाली सतराव्या शतकातल्या तंजावरच्या व्यंकटमखींची मांडणी. त्यांनी काय केलं होतं, सांगते. सप्तकातले सूर घ्यायचे, सा आणि प हे दोन कायमचे धरायचे, आणि बाकीच्या सुरांच्या जेवढ्या म्हणून जोड्या शक्य आहेत त्या सगळ्या गणितानं काढायच्या. झाले बहात्तर मेळ. आता कुठलाही राग घ्या, तो या बहात्तर घरांपैकी कुठल्या तरी घरात जाऊन बसतोच. पत्ता मिळाला की राग सापडला.

आपल्याकडच्या रागांना असे पत्तेच नव्हते. म्हणजे होते, पण राग-रागिणींचे. अमुक राग पुरुष, त्याच्या पाच-सहा रागिण्या बायका, मग मुलगे, सुना. चित्रंही सुंदर काढत त्यांची. पण कुणाची सून कोण, यावर प्रत्येक ग्रंथात वेगळा वाद. नातेवाईकांच्या भांडणात पडण्यात अर्थ नाही हे वकिलाला कळायला वेळ लागला नाही! त्यांनी ते सगळं कुटुंब बाजूला ठेवलं आणि सुरांवरून हिशेब मांडला.

सूर एकूण बारा. सा आणि प अचल. रे, ग, ध, नी यांचे प्रत्येकी दोन प्रकार, शुद्ध आणि कोमल. म चे दोन, शुद्ध आणि तीव्र. प्रत्येकाचा एकच प्रकार घ्यायचा म्हटलं तर बत्तीस मांडण्या होतात. भातखंड्यांनी तेवढ्याही ठेवल्या नाहीत. प्रत्यक्ष आपल्याकडे काय गायलं जातं ते पाहून त्यांनी दहाच ठेवल्या. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. हे दहा थाट. सगळे सूर शुद्ध, तो बिलावल. त्यात फक्त म तीव्र केला की कल्याण. फक्त नी कोमल केला की खमाज. ग आणि नी कोमल, काफी. रे, ग, ध, नी चारही कोमल, की भैरवी. मिसळणाच्या डब्यात वाट्या तेवढ्याच असतात, कुठल्या वाटीतलं किती घेतलं यावर आमटी की उसळ ठरतं, तसंच काहीसं. फरक इतकाच, की वाट्यांवर नावं लिहायचं काम आधी कुणी धड केलं नव्हतं.

दुसरी गंमत वेळेची. सकाळचा राग, संध्याकाळचा राग हे गवय्यांना ठाऊक होतं, पण का, ते कुणी सांगत नसे. भातखंड्यांनी सगळे राग वेळेप्रमाणे समोर ठेवले आणि त्यातली वीण दाखवली. दिवस-रात्रीच्या सांध्यावर, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, कोमल रे असलेले राग. त्यानंतर शुद्ध रे आणि शुद्ध ध असलेले. त्यानंतर कोमल ग आणि कोमल नी असलेले. दिवसात एकदा, रात्रीत पुन्हा एकदा, तोच क्रम. आणि दिवस कलतोय की उजाडतोय हे सांगणारा सूर मध्यम. संध्याकाळकडे तीव्र, सकाळकडे शुद्ध. म्हणजे सप्तकाचं घड्याळच झालं की! मुलीच्या वहीत तिच्या क्लासच्या बाईंनी खरोखर गोल काढून, त्यात रागांची नावं भरून दिली आहेत. त्या गोलाकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की सकाळी रेडिओवर भैरव का लागायचा.

हे सगळं त्यांनी आधी संस्कृतात मांडलं. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा तो ग्रंथ, साल 1909 च्या सुमाराचं. लेखक म्हणून स्वतःचं नाव नाही, चतुरपंडित असं टोपणनाव. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जाणारं संगीत. जुन्या ग्रंथात काय होतं त्यापेक्षा आज गळ्यात काय आहे त्याचं शास्त्र, असा त्या नावाचा रोख. पण संस्कृत वाचणार कोण? म्हणून मग मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार जाड भाग लिहिले, गुरू आणि शिष्य एकमेकांशी बोलतायत अशा थाटात. पहिला भाग 1910 चा, शेवटचा 1932 चा. बावीस वर्षं. साऱ्या हिंदुस्थानच्या संगीताचं शास्त्र आपल्या भाषेत लिहिलं गेलं आणि इतरांनी ते भाषांतरातून वाचलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता सासूबाईंच्या वहीतल्या खुणा. गाणं कागदावर उतरवण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते आणि त्यांच्याच काळात दुसरे एक विष्णू तेच करत होते. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. आपल्याच मुलखातले, जन्म कुरुंदवाडचा 1872 चा, शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. त्यांच्या परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्या मुली देतात. पलुस्करांची लिपीही बारकाईची, मात्रेच्या अर्ध्या-पाव भागाला वेगळी खूण. पण खुणा पुष्कळ. भातखंड्यांनी हात आखडता घेतला. शुद्ध सुराला काही खूण नाहीच. कोमलाखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-चार सूर असले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असेल तर वर कमान. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. संपलं! तीनतालाच्या सोळा मात्रा चार खणांत मांडल्या, की पान म्हणजे चार खणांची फळी. कुठला शब्द कुठल्या खणात हे दुरून दिसतं. शिवाय सगळं देवनागरीत आणि साध्या छापखान्यात छापता येईल असं. आपली सही करण्यापुरतं शिकलेल्या बाईलाही चार दिवसांत कळावं इतकं सोपं.

पण खुणा तयार झाल्या तरी लिहायला चिजा हव्यात ना! त्या उस्तादांकडे. इथे भातखंड्यांनी जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या पांडित्याहून मोठं वाटतं. जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वजीर खाँ अशांकडे हे पदवीधर वकील शिष्य म्हणून बसले. रामपूरच्या नवाबांच्या मर्जीतून तिथला खजिना उघडला. संस्थानिकांच्या ओळखी वापरल्या, आर्जवं केली, फोनोग्राफवर गाणी घेतली. 1910 च्या सुमारास वकिली सोडून दिली. आणि गोळा केलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, साधारण अठराशे. ज्या चिजेसाठी कुणी बारा वर्षं पाणी भरलं असेल, ती आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली. कुणाच्या तरी सासूबाईंच्या मास्तरांनी ती घेतली आणि फलटणच्या गल्लीत फळ्यावर लिहिली.

सगळ्यांना हे आवडलं नाही. आवडणार तरी कसं? आणि विरोध केवळ उस्तादांचाच होता असं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, हे सुरांचा अभ्यास अगदी वेगळ्या बाजूनं करत होते. सप्तकात बारा नाही, बावीस श्रुती आहेत, त्या मोजता येतात, असं त्यांचं म्हणणं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना गाऊन दाखवत आणि देवल मोजत. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या बाजूचे. त्यांनी बावीस श्रुतींची खास पेटी करवून घेतली. 1916 मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी गेली आणि भातखंडे तिच्या विरोधात उभे राहिले. जमलेल्या मंडळींनी पेटी मान्य केली नाही. भातखंड्यांचा मुद्दा सरळ होता, बारा सुरांत व्यवहार होतो तर सामान्यांना बावीसमध्ये कशाला गुंतवता? पण खरं सांगू, देवलांचंही चूक नव्हतं. तोडीतला कोमल ग आणि काफीतला कोमल ग एकाच उंचीचे नसतात, हे गाणाऱ्याला गळ्यात कळतं. वहीत मात्र दोन्हीखाली तीच एक आडवी रेघ. नकाशा सोपा करायचा तर काही पाऊलवाटा गाळाव्या लागतात. देवलांना त्या गाळणं मान्य नव्हतं, भातखंड्यांना त्या दाखवत बसणं.

थाटांचंही तसंच. भूप आणि देशकार, दोन्हींत सूर तेच पाच, सा रे ग प ध. वहीत बघाल तर जुळ्या बहिणी. पण भूप संध्याकाळचा, ग वर रेंगाळणारा, म्हणून कल्याण थाटात. देशकार सकाळचा, ध वर जीव असलेला, म्हणून बिलावल थाटात. कागद इथे हात टेकतो, शेवटी गुरूच लागतो. आणि असेही राग आहेत की जे दहांपैकी कुठल्याच घरात धड बसत नाहीत. चारुकेशी, कीरवाणी ही दक्षिणेकडून आलेली मंडळी तर पाहुण्यांसारखी ओसरीवरच.

दोष माणसातही होते. ज्या उस्तादांपुढे ते शिष्य म्हणून बसले, त्यांच्या जातीच्या लोकांना शास्त्र कळत नाही, हा तुच्छतेचा सूर त्यांच्या लिहिण्यात अनेकदा येतो. इतिहासकार जानकी बाखले यांनी भातखंडे आणि पलुस्करांवर 2005 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात याची बरीच चिकित्सा आहे. शिवाय गाणं सभ्य घरांत आणायच्या त्या सगळ्या खटपटीत, ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गळ्यात सांभाळलं, त्या कलावंतिणी मात्र हळूहळू दाराबाहेरच राहिल्या. आपल्याला आत घेणाऱ्या दारानं त्यांना बाहेर ठेवलं, हे आपण क्लासची फी भरताना विसरतो.

बडोद्यानंतर दिल्ली, काशी, लखनौ अशा परिषदा झाल्या. दिल्लीत एक राष्ट्रीय अकादमी निघावी हे त्यांचं स्वप्न. ते झालं नाही. पैसे जमले नाहीत, एकमत तर त्याहून नाही. पण 1918 मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. नाव इंग्रज गव्हर्नरचं, काम भातखंड्यांचं. आज तिथे त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते कॉलेज वाढवलं, आणि रातंजनकरांच्या हाताखाली तयार झालेल्या सुमती मुटाटकर पुढे दिल्ली विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. 1999 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाळकेश्वरच्या त्या घरात मुलगी जगली असती तर, असं उगाच मनात येतं. येऊ नये, पण येतं.

1933 मध्ये भातखंड्यांना अर्धांगाचा झटका आला. सगळा हिंदुस्थान पालथा घातलेला माणूस अंथरुणाला खिळला. तशी तीन वर्षं गेली. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेशचतुर्थीला, मुंबईत त्यांचं निधन झालं. 1961 मध्ये सरकारनं त्यांचं तिकीट काढलं. लांब कोट, पगडी, मिशा, आणि चेहऱ्यावर उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचा भाव.

आता वहीचं राहिलं. लेकीनं ती पुरी चाळली. बावीस बंदिशी आहेत. शेवटची ललत रागातली, अर्धीच. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर थांबलेली, तिथेच बहुधा लग्न ठरलं असावं. आणि त्या पानावर एक गोंधळ आहे. ध च्या खाली लाल रेघ आहे आणि ती खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केलेला आहे. पुरती पुसली गेलेली नाही. झालंय असं की भातखंड्यांनी ललत मारवा थाटात घातला, शुद्ध धैवताचा. पुष्कळ गवई मात्र तो कोमल धैवतानं गातात, आणि या एका सुरावरून जाणकारांत अजून वाद आहे. मास्तरांनी कोमल शिकवला आणि पुस्तकात बघून सासूबाईंनी पुसला, की उलट झालं, कोण सांगणार? लेकीनं तिच्या क्लासमध्ये कोमल धैवताचा ललत ऐकलाय. काल रात्री ती दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघत होती. एकदा रेघ धरून, एकदा सोडून. मी म्हटलं, झोप आता, रविवारी परीक्षा आहे. तर म्हणाली, आई, आजी कुठला म्हणायची गं?